घोडबंदरचे बावरलेले घोडे

काशीमीऱ्याच्या थांब्यावर पिंकीला खरंतर शाळेची बस पकडायची होती, पण तिचे कान गेले शेजारच्या सासूसुनेकडे. सून बॅग भरून रत्नागिरीला माहेरी निघाली होती.

"नीलम, परत येशील ना गो?"

"माहीत नाही, आई. इथे माझं कुणीच नाहीये."

"घोडबंदरला तरी आधी कोन कुनाचं व्हतं? निस्ती खाडी. मंग अरबांची गलबतं आली, घोडे घेऊन."

"आणि लगेच बाजार भरला?"

"लगेच कसा? दर्यानं घोडे बावरलेले. माझी आजी सांगाची, बाया त्यांना आधी गोडं पानी पाजीत, मानेवरनं हात फिरवीत. थरथर थांबल्याबिगर सौदा न्हाय. मंग चारावाले आले, नालवाले आले, गाव वाढत गेलं."

हायवेवरच्या ट्रकांच्या गर्दीतून ओल्या, चमकत्या पाठींचे घोडे सावकाश चालत येताना पिंकीला अगदी स्पष्ट दिसले.

"मला मात्र हळद उतरायच्या आधीच वीस माणसांच्या भाकऱ्या भाजायला बसवलंत."

सासूने सुनेच्या हातातली बॅग स्वतःकडे घेतली.

"खरं हाय."

"एसटी आली, आई."

"माझा पराग येल तुला आनायला."

"त्याला नका पाठवू. तुम्हीच या."