डाव्या हाताचा खड्डा

जावा बेटावरच्या सोलो शहराकडे जाणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर दोघी शेजारणी होत्या. थोरलीच्या मांडीवर कोरं मडकं.

"वागियेममावशी, शहरात मडकी मिळत नाहीत होय?"

"आपल्या मातीचं हवं. माझी हातिन काल बाळंत झाली. बाळाची वार यात घालून आणणार नि दाराशी पुरणार."

"तिकडेच पुरतील की."

"कुठे? भाड्याची खोली, खाली फरशी. आपल्या दाराशी पुरली की पोर घराकडे वळतं."

"येताना कंडक्टर दोन तिकिटं मागेल हं!"

"देईन. भावंडच असतं ते बाळाचं."

"हातिन जन्मली तेव्हाची वार तर तू नदीत सोडलीस ना?"

"मीच हट्ट धरला. म्हटलं, वाहत जाऊ दे, म्हणजे पोर लांब जाईल, जग बघेल. चिखलात भात लावत बसायला नको."

"नदीनं ऐकलं म्हणायचं."

"फारच ऐकलं. शेत तिच्या नावावर केलं, तरी ईदला दोन दिवस येते नि निघते."

"मग नात तरी कशी येईल, मावशी? ती तिकडेच वाढणार."

"वाढू दे. मी सकाळीच खड्डा खणून आलेय. दाराच्या डाव्या हाताला. मुलींचा तिकडेच असतो."