मुरगळलेला पाय अन् कावळ्याचा सांगावा

मुरगळला हो, नुसता मुरगळला! किती येळा सांगू? पोखर्णीत आडावरून घागर घेऊन येताना दगडावर पाय पडला, घोटा सुजला, एवढंच! पण तुमाला सांगते, गावाचं एवढ्यानं कुठं भागतंय? शेजारची दगडाबाई आली, दाबून म्हणली, “बया, सांधा निखळलाय!” लिंबाजीनं लांबूनच बघितलं, “हाड मोडलंय, वैनी.” नागुबाईला तर पायावरून वारं गेल्यालं दिसलं! हकीमसाब तेवढे शहाणे... “मोच है अम्मा, घबराव नक्को.” तेच तर म्हणायलेय मी, मुरगळला!

अन् मला बसायला फुरसत कुठं? चुडाव्याला लेक मनकर्णा, दिवस भरलेले. पहिल्या खेपेला लय हाल झाले तिचे, कसाबसा जीव वाचला. म्हणली होती, “आई, तू उशाशी पाहिजेस.” मग जाणार म्हंजी जाणार!

तर सासू म्हणती, “जायचं न्हाई! आडावर तुझ्या डोक्याला कावळा शिवलाय.” आता कावळा शिवला की सोयऱ्यांकडं खोटा सांगावा धाडायचा, माणूस गेलं म्हणून, ते रडले की आलेलं टळतंय, ही आमची रीत. पण धाडला कुठं? चुडाव्यालाच! अन् मला सांगितलं कधी? सांगावा नेणारा माणूस रेल्वेत बसल्यावर! म्हणलं, आवो, पोटुशी लेक ती, आई मेली ऐकल्यावर तिचं काय व्हईल? “खोटंच हाय की,” म्हणती. आता ते तिला कसं कळावं?

मग काय! आंबेहळद थापली, फडकं आवळलं, काठी घेतली, बैलगाडीनं परभणी, तिथून निजामाची रेल्वे. डब्यात एक बाई इचारती, “पाय मोडला का?” मुरगळला गं माय, मुरगळला! चुडाव्याला लंगडत दारात गेले तर आत ही रडारड! विहीणबाई छाती बडवायल्यात, “कशी गं गेलीस!” म्हणलं, “गेले न्हाई, आले!” आरडाओरडा, पळापळ... अन् मनकर्णा कोपऱ्यात पांढरीफटक, डोळ्यात टिपूस न्हाई. मला पाहिलं अन् गळ्यातच पडली हो. तितंच कळा सुरू झाल्या. मी उशाशी बसले, हात सोडला न्हाई. सांजच्याला नात झाली, लेक सुखरूप. मग मात्र मी बी पोटभर रडले.

आता बारशाला अख्खा चुडावा आला, पाळण्याकडं कुणी बघंना, समदे माझ्याकडंच! “ह्याच का त्या, पाय मोडून मेलेल्या?” किती जणींशी भांडू? म्हणलं, बरं बायांनो, मेले होते म्हणा... पण पाय मुरगळलाच होता हो, नुसता मुरगळला!