एका कादंबरीवर एक

हसू नका बे, चहा सांडन. तुम्हाले मजा वाटते, माह्यावर काय बेतलं होतं ते मले माहीत.

बायकोच्या भिशीच्या पैशातून मी कादंबरी छापली, पण एकबी दुकानदार ठेवून घेईना. म्हणून धाड गावच्या बाजारात जाहिरातीसाठी भोंग्याची रिक्षा लावली. रिक्षावाल्या सुभाषभाऊले मजकूर लिहून देल्ला अन् मी पुस्तकं मांडून बसलो.

थोड्या वेळानं पाह्यतो तर रिक्षाच्या मांगं ही गर्दी! मी खूश. रिक्षा जवळ आली तवा शब्द समजले, "एका कादंबरीवर एक कादंबरी फ्री!"

किंमत दोनशे, अन् एक प्रत छापालेच दीडशे लागलेले. जेवढी विकीन तेवढा खड्ड्यात जाईन.

"सुभाषभाऊ, हे काऊन जोडलं?"

"साहेब, साडीच्या सेललेबी मी हेच बोलतो. त्याच्याबिगर बाजारात कोणी थांबत नाही."

आता नाही म्हणावं तर लोक मारतीन, अन् हो म्हणावं तर बायको. जिंदगीत पहिल्यांदा म्हणलं, देवा, वाचक पाठवू नको.

रांगेत पहिली एक आजी, हातात कांद्याची पिशवी. तिनं दोन पुस्तकं उचलली, उलटीपालटी करून पाह्यली.

"दोन्ही सारखेच हायेत काय रे?"

"हाव आजी, सारखेच."

"मंग मले ते फ्रीवालं दे बापा. विकतचं राहू दे तुह्याजवळच."

अन् मांगची सारी रांग म्हणे, "आमालेबी तेच."