तिसऱ्या दालनातली बाई

नाव राडका ह्रुबेशोवा, वय ४३ वर्षे, धंदा नोकरी (गाईड, लिश्नोव किल्ला), राहणार लिश्नोव, मोराविया.

मी आज दि. १५ सप्टेंबर रोजी आपण होऊन ठाण्यात येऊन सांगते की, मी अकरा वर्षे किल्ला दाखवते. पाहुण्यांनी बुटांवर लोकरीचे सैल जोडे चढवायचे, म्हणजे लाकडी फरशीला ओरखडे पडत नाहीत. एक दालन पाहून झाले की मी डोकी मोजते, दाराला कुलूप लावते आणि पुढचे उघडते.

काल माझा नामदिन होता, म्हणजे पंचांगातला माझ्या नावाचा दिवस; आमच्याकडे तो वाढदिवसासारखा साजरा करतात. सकाळी ११ च्या तुकडीत तेवीस जर्मन पाहुणे आणि एक म्हातारी बाई होती. तिसऱ्या दालनात सदर बाई गुडघ्यांवर बसून रुमालाने फरशीवरचा डाग घासू लागली. एक पाहुणा म्हणाला, "हिच्याकडून तिकिटाचे पैसे घेतले, की हिलाच पगार देता?" सगळे हसले. मीही हसले. मी तिला म्हणाले, "अहो बाई, उठा. इथं हात लावायचा नाही." ती म्हणाली, "चुकलं हो बाई. मेली सवय जात नाही."

मी पाहुण्यांना चौथ्या दालनात नेऊन तिसऱ्याला कुलूप लावले. डोकी मोजायची राहिली, असे मी काल सांगितले ते खोटे आहे. मोजली होती, चोविसाऐवजी तेवीस भरली. ती आत वाकून निसटलेला जोडा चढवत होती, हे मला दिसत होते. अर्ध्या तासाने पुढची तुकडी येईल, तिच्याबरोबर निघेल, माझ्या मागे तरी फिरणार नाही, असा विचार मी केला. पुढची तुकडी आलीच नाही.

दुपारी २ वाजून १० मिनिटांनी तिसऱ्या दालनातली धोक्याची घंटा वाजली. दार उघडले तेव्हा बाई दोरीपलीकडच्या जुन्या खुर्चीत बसली होती. खुर्चीचा हात मोडला होता. तेवढ्या वेळात तिने दार एकदाही ठोठावले नाही. किल्ल्याचे व्यवस्थापक पोस्पिशाल ओरडले, "आजीबाई, ही काय बसायची खुर्ची आहे?" ती म्हणाली, "मग खुर्ची कशाला असते, साहेब? गुडघे राहिले नाहीत हो." त्यांनी ती चोरीसाठी लपल्याची तक्रार दिली. पोलिसांनी मला विचारले, ओळखता का. मी नाही म्हणाले. तिनेही लिहून दिले की, "मी माझ्या मनानं मागं राहिले. इथं माझं कोणी नाही."

तिच्या पिशवीत पावात घातलेले तळलेल्या मांसाचे दोन तुकडे सापडले. 'स्वतःच्या खाण्यासाठी' अशी नोंद आहे. ती चूक आहे. आंबवलेल्या काकडीशिवाय तिला घास उतरत नाही. पावात काकडी नव्हती. काकडी मला चालत नाही.

सदर बाई व्लास्ता क्रेय्चोवा, वय ७१, माझी सख्खी आई आहे. ओस्त्रावाला एका इस्पितळात सव्वीस वर्षे तिने फरश्या पुसल्या, त्यावर मी शिकले. किल्ल्यावर मी सांगितले आहे की आई पियानो शिकवायची. म्हणून तिला इकडे फिरकू नको असे बजावले होते. अकरा वर्षे तिने ऐकले. तिचा काही गुन्हा नाही. कुलूप मी लावले.

हा जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. कालच्या कागदावरचे 'ओळख नाही' हे शब्द माझ्या सांगण्यावरून खोडले आहेत. आई बाहेर बाकावर बसली आहे. माझ्या विनंतीवरून दार उघडे ठेवून जबाब पुन्हा एकदा मोठ्याने वाचला. माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.