नेपोलियनच्या भेटवस्तू

हसू नका रे, माझं डोकं अजून तापतं! नेपोलियनच्या लढायांचा जुना जाडजूड ग्रंथ मी तीन वर्षं खपून मराठीत आणला, आणि छापून काय आलं? ‘नेपोलियननं शत्रूवर शंभर भेटवस्तू डागल्या!’

तडक बजाजनगरला गेलो, टायपिंग करणाऱ्या संतोषकडं. “माझ्या तोफा कुठंयत?”

“सर, तोफा म्हणजे तोहफाच ना? प्रकाशक म्हणले, उर्दू शब्द काढा. मी सगळीकडं बदलून टाकलं.”

“अरे, मॉस्कोला काय तो बारशाला गेला होता?” लई झाडलं त्याला.

ते दिवस दुष्काळाचे, आमच्या नव्या कॉलनीत नळाला दहा दिवसांनी पाणी. दुसऱ्या दिवशी संतोष दारात, खांद्यावर पाण्याचा जार. “रागावू नका सर, तुमच्यासाठी तोफा आणलाय.”

“मग बघतोस काय? डाग!”