उकंडदादाचं पोट आणि दोन देश

…आणि चूक म्हणे माझी. वहिनी आजही चारचौघांत सांगते, ‘चंपतभाऊजीनं पाह्यलं नसतं तं एवढा कारभार झालाच नसता.’ म्हणजे नवऱ्याच्या पोटात आजार निघाला ही नवऱ्याची चूक नाही, तो दिराला दिसला ही दिराची चूक. आता मला सांगा, मी काय बघायला गेलो होतो? शनिवार होता. सकाळची शाळा सुटली, मी सायकल काढली आणि मंगरूळपीरच्या बाहेर दादाचा भाजीचा मळा आहे तिकडे जेवायला गेलो. दर शनिवारी जातो. वहिनीनं भाकर वाढली, वांग्याची भाजी वाढली, मी जेवलो, दादा जेवला, मग दादा आंब्याखाली उताणा पडला, तंबाखू मळली आणि चुन्याची डबी ठेवली पोटावर. रोज ठेवतो. आणि ती डबी उडायला लागली.

हसू नका. श्वासाबरोबर पोट खालीवर होतं, तसं नाही. श्वासाचं आपलं संथ चाललं होतं आणि डबीचं वेगळंच. टक, टक, टक, टक. शाळेतल्या घड्याळासारखं.

मी म्हटलं, ‘दादा, डबी उडते आहे.’

‘उडू दे. चुना सांडला नाही ना?’

‘अरे पण का उडते?’

‘बेंबी सरकली असन. दोन महिने झाले, अशीच करून राह्यली.’

दोन महिने. वांग्याला कीड लागली तर त्याच दिवशी तालुक्याला धावणारा माणूस. पोटात दोन महिने कुणीतरी दार ठोठावतंय आणि हा म्हणतो बेंबी सरकली.

आमच्याकडे बेंबी सरकते हो. जड उचललं की सरकते, अनशापोटी धावलं की सरकते, आणि सरकली की चंपाबाईकडे जायचं. चंपाबाई पोटावर अंगठा दाबून आतला ठोका शोधते. ठोका बेंबीखाली नसला, बाजूला गेला, म्हणजे सरकली. मग ती पणती ठेवते, वर तांब्या पालथा घालते, पोट ओढून घेते, चोळते आणि ठोका जागेवर आणते. चाळीस वर्षं आणते आहे. मीसुद्धा, शाळेत शरीरशास्त्र शिकवणारा माणूस, दादाला सायकलवर डबलसीट बसवलं आणि सरळ चंपाबाईकडे नेलं. दवाखाना वाटेत होता. त्याच्यासमोरून नेलं.

चंपाबाईनं दादाला आडवं केलं, अंगठा ठेवला आणि वीज लागल्यासारखा उचलला. पुन्हा ठेवला, हलकेच, तान्ह्या लेकराच्या टाळूवर ठेवतात तसा. मग पणती विझवली. तांब्या उलटा होता तो सुलटा केला.

‘हे सरकलेली बेंबी नोहे.’

दादा म्हणाला, ‘काहून? चोळ ना जराशी. मोकळं होईन.’

‘उकंडभाऊ, मी हात नाही लावत. ठोका सरकला नाही, ठोका मोठा झाला.’ मग ती माझ्याकडे वळली. ‘मास्तर, केशरबाईच्या वेळेस मी हात लावला होता. तीनदा. आता मले तसं काम सांगू नका. दवाखान्यात न्या.’

केशर म्हणजे माझी बायको. तिचंही पोटच होतं. आम्ही थांबलो, बरं वाटेल म्हणून. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती तेव्हा.

असो.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दादाला तपासलं आणि विचारलं, ‘घरी कोण कोण असतं?’ डॉक्टर घरची चौकशी करायला लागला की समजायचं. त्यांनी चिठ्ठी दिली, आम्ही नागपूर गाठलं, तिथल्या मोठ्या सर्जनसाहेबांनी फोटो काढला आणि फोटोत एक पांढरी कड दाखवली. म्हणाले, ‘पोटातून खाली पायांकडे जाणारी रक्ताची मोठी नळी आहे, ती फुगली आहे. टायर झिजलं की ट्यूब कशी बाहेर फुगा काढते?’

दादा म्हणाला, ‘मंग हवा कमी करा ना.’

साहेब म्हणाले, ‘हवा कमी केली तर माणूस बसेल. फुगलेला भाग काढून तिथे कापडाची नळी शिवावी लागते. फुगा साडेपाच सेंटिमीटर आहे, आणि तिथेच पंचाईत आहे. काही देशांत एवढ्यावर कापतात, काही देशांत सहाच्या वर जाईपर्यंत थांबतात. ऑपरेशन मोठं आहे, त्यातही माणूस दगावतो. तुमचं कुणी परदेशात आहे का? विचारून बघा, तोवर मीही वाचतो.’

आता हे साहेबांनी मला विचारायला नको होतं.

कारण माझं परदेशात कुणी नाही, पण माझे दोन विद्यार्थी आहेत. एक मोहनसिंग, पोहरादेवीजवळच्या तांड्यावरचा, डॉक्टर होऊन विलायतेला गेलेला. दुसरा रामकिसन, इथल्याच किराणा दुकानदाराचा, डॉक्टर होऊन अमेरिकेला गेलेला. दोघं मॅट्रिकपर्यंत एका बाकावर बसले आणि एकाही गोष्टीवर एकमत न होता पास झाले. एकानं गणित डावीकडून सोडवलं की दुसरा उजवीकडून सोडवणार, आणि उत्तर एकच आलं तर दोघंही नाराज. मी दोघांनाही हवाई टपालाचं निळं पत्र टाकलं. तीन आठवड्यांनी दोन उत्तरं एकाच टपालात आली.

मोहनसिंग लिहितो, ‘आदरणीय सर, घाई करू नये. आमच्याकडे एवढ्यावर थांबतात. दर तीन महिन्यांनी मोजतात.’

रामकिसन लिहितो, ‘आदरणीय सर, एक दिवस घालवू नये. आमच्याकडे एवढ्यावर कापतात.’

तुम्हाला सांगतो, पोट आमच्या दादाचं आणि भांडण विलायत-अमेरिकेचं.

मग मी मास्तरकी केली. मोहनसिंगला कळवलं की रामकिसनचं म्हणणं असं आहे, आणि रामकिसनला कळवलं की मोहनसिंगचं म्हणणं असं आहे. आपापली बाजू कारणांसह स्पष्ट करा. जणू दहा गुणांचा प्रश्न. झालं. दोघांनी कारणं स्पष्ट करायला जी सुरुवात केली… मोहनसिंग लिहितो, ‘अमेरिकेत चाकू आधी उचलतात, रोगी नंतर शोधतात, असं आमचे वरिष्ठ म्हणतात.’ रामकिसन लिहितो, ‘विलायतेत रोगी रांगेत इतका वेळ उभा असतो की रोगच कंटाळून फुटतो, असं आमचे वरिष्ठ म्हणतात.’ दोघंही इथल्याच मातीतले, एकानं चार वर्षांपूर्वी देश सोडला, दुसऱ्यानं पाच. आणि बघा, जो ज्या देशात गेला त्या देशाचा वकील झाला. अदलाबदल करून पाठवले असते तर पत्रंही अदलाबदल होऊन आली असती.

पोस्टमन नथ्थू. तो म्हणायचा, ‘गुर्जी, आज अमेरिकेचं जाड हाय.’ त्यानं ही बातमी बाजारात नेली आणि बाजारात दोन पार्ट्या पडल्या. मिरच्या विकणारी बेबीताई विलायतेची. ‘थांबलेलंच बरं. इंग्रजाइनं दीडशे वर्सं राज्य केलं, थे काय घाईघाईनं केलं काय?’ तर समोरचा कांदेवाला देवमन अमेरिकेचा. ‘अवं, अमेरिकावाले चंद्रावर जाऊन आले, त्याइले उकंडभाऊचं पोट काय जड हाय?’ दादा भाजीची पाटी घेऊन गेला की दोन्हीकडून विचारणा, ‘किती झालं?’ सेंटिमीटर विचारतात लोक. वांग्याचा भाव कुणी विचारत नाही, पोटाचा विचारतात. पोट आमच्या दादाचं आणि भांडण विलायत-अमेरिकेचं.

आणि मी? मी पत्रं वाचत होतो. दोन्ही बाजू पटत होत्या, हाच माझा रोग. कापा म्हटलं आणि टेबलावरच गेला तर? थांबा म्हटलं आणि… थांबून काय होतं ते मला माहीत होतं. वर्गात फळ्यावर लिहिताना मध्येच हात थांबायचा.

शेवटी एक दिवस मळ्यात गेलो, दादा वांग्याला पाणी देत होता, मी सगळी पत्रं बांधावर बसून मोठ्यानं वाचली. दादानं खोऱ्यानं एक वाफा फोडला, दुसरा बांधला, आणि म्हणाला, ‘चंपत, एक गोष्ट इचार त्याइले. त्याइच्या रोग्याच्या घरून दवाखाना किती दूर हाय?’

‘त्याचा इथे काय संबंध?’

‘तू इचार त. मास्तर तू असशीन, पोट माह्यं हाय.’

मी विचारलं. मोहनसिंगचं उत्तर आलं, ‘सहा मिनिटं. गाडी घरी येते.’ रामकिसनचं आलं, ‘अकरा मिनिटं, पण आमचा रस्ता रुंद आहे.’

दादाला वाचून दाखवलं. दादा म्हणाला, ‘अन् आपला?’

आपला म्हणजे काय सांगू… मंगरूळपीरहून एसटी, ती आली तर. मग कारंजा, मग धनज, मग अमरावती, मग तिथून नागपूर. सकाळी निघाला तर संध्याकाळ.

‘पाह्य आता,’ दादा म्हणाला. ‘पाट फुटाच्या आधी बांध घालाचा का फुटल्यावर, हे कायच्यावर ठरते? माणूस बांधापासून किती दूर झोपते त्याच्यावर. मोहनसिंगचा रोगी बांधावरच झोपून हाय, त्याले थांबता येते. माह्यं जर फुटलं तं मी धनजच्या पुढं नाही जात. विलायतेनं मोजलं थे त्याइच्या जागी बरोबर हाय. मले कापा.’

तुम्हाला सांगतो, मी बी. ए., बी. एड. आहे. सात पत्रं वाचली होती. माझ्या डोक्यात हे आलं नाही.

नागपूरला जाऊन सर्जनसाहेबांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. ‘मी दोन महिने दोन्हीकडचे लेख वाचतो आहे,’ म्हणाले, ‘कुणी एसटीचा हिशेब धरलेला नाही. करू या. पण नळी? ती इथे मिळत नाही.’

मी दोघांनाही कळवलं. रामकिसननं लगेच नळी पोस्टानं पाठवली. अमेरिकेची नळी निघाली ती निघालीच. महिना गेला, दीड महिना गेला, नथ्थू रोज लांबूनच मान हलवायचा. आणि रामनवमीला पोहरादेवीची जत्रा भरली. विलायतेत राहिला म्हणून काय झालं, जत्रा चुकवायची नाही. मोहनसिंग आला आणि जत्रेतून थेट माझ्या घरी. पाया पडला. खिशातून बंद पाकीट काढलं. आत कापडाची पांढरी नळी, चुण्या चुण्या घातलेली, लहानशी.

मी म्हटलं, ‘अरे, तू तर थांबा म्हणत होतास.’

‘सर, मत वेगळं. तुमचा भाऊ वेगळा.’ मग म्हणाला, ‘आणि रामकिसनची नळी आधी पोचली असती तर मला तोंड दाखवायला जागा नव्हती.’

मग रक्त. साहेब म्हणाले दहा बाटल्या लागतील, माणसं आणा. मी बाजारात जाऊन नुसतं उभा राहिलो. बेबीताई उठली, देवमन उठला, मळ्यात पाट सांभाळणारा ग्यानबा, बौद्धपुऱ्यातली त्याची चार माणसं, नथ्थू तर टपालाच्या पोशाखातच. वहिनी पुढच्या बाकावर. मंगरूळपीरहून एसटी भरून निघाली, विलायत पार्टी डावीकडे, अमेरिका पार्टी उजवीकडे, आणि कारंजा येईपर्यंत वाद हा की आधी कुणाचं रक्त चढवायचं. कंडक्टर म्हणाला, ‘कोण आजारी हाय?’ दादा मधल्या बाकावर बसून शेंगा खात होता. म्हणाला, ‘मीच.’

पाच तास चाललं. पाच तास ती सगळी माणसं व्हरांड्यात, बेबीताई आणि देवमन एकाच बाकावर. साहेब बाहेर आले, मला आत नेलं, माझी दोन बोटं दादाच्या पायाच्या घोट्याशी ठेवली. ‘बघा.’ तिथे ठोका होता. बारीक, सरळ, जागेवर. मी बराच वेळ बोटं काढली नाहीत. साहेबांनीही काढायला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादा शुद्धीवर आला. साहेबांना पहिला प्रश्न, ‘कापड कुठलं हाय?’

‘विलायतेचं.’

‘आटत तं नाही ना?’

साहेब हसून हसून स्टूलवर बसले. म्हणाले, ‘नाही आटत.’ तर दादा म्हणतो, ‘मंग ठीक. अक्कल माह्यी, कापड विलायतेचं, रक्त बाजाराचं. आता भांडा.’

एकविसाव्या दिवशी दादा एसटीतून उतरला आणि स्वतःच्या पायानं चालत बाजारातून गेला. चंपाबाई रस्त्यात उभी होती. तिनं हात पुढे केला, दादानं सदरा वर केला, भर बाजारात. तिनं टाक्यांच्या बाजूला अंगठा ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाली, ‘बसला जागेवर.’ त्या दिवशी देवमननं विलायत पार्टीला पेढे वाटले आणि बेबीताईनं अमेरिका पार्टीला. रामकिसनची नळी? ती आषाढात आली. वहिनीनं ती ट्रंकेत ठेवली आहे, म्हणते, ‘राहू द्या, कामी पडन.’

दोन वर्षं झाली. दादा ठणठणीत आहे, मळ्यात आहे, माझ्यापेक्षा जोरात खोरं मारतो. आणि मी या तालुक्यात पोटांचा मास्तर झालो आहे. कुणाला जरा ठोका लागला की माणसं माझ्याकडे येतात, मी त्यांना उताणं निजवतो, डबी ठेवतो, बघतो, आणि शंका आली की हाताला धरून दवाखान्यात नेतो. वाद घालत नाही, पत्र लिहीत नाही. आजवर एकतीस पोटं बघितली. त्यातली दोन नागपूरला पाठवली, दोन्ही घरी परत आली.

दादाला सोडताना सर्जनसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले होते, ‘हे कधी कधी भावाभावांत निघतं. तुम्हीही एकदा येऊन दाखवून जा.’ मी म्हटलं, येतो. घरी एकटा असतो हो. डबी ठेवली तर बघणार कोण… केशर असती तर तिनं दुसऱ्याच दिवशी एसटीत बसवलं असतं.

मी अजून गेलेलो नाही.