नारळाची यादी आणि भिंतीवरचा उजेड

टाळ जरा मांडीवर ठेवा मंडळी, आणि आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. पाहणारा मोठा, की पाहून गप्प बसणारा मोठा?

गप्प बसलात! म्हणजे उत्तर ठाऊक आहे, की शेजारणीला विचारून सांगणार?

सर्व पाहे, परि न सांगे ।
त्याच्या पायी मन रंगे ॥

ओळ माझीच आहे, तोडकीमोडकी. चाल तेवढी पेटीवाल्या काकांनी सांभाळली. आजचं आख्यान पुराणातलं नाही – गेल्या दसऱ्याचं आहे! जिचं आहे तिची परवानगी घेतली आहे, नावं बदलली आहेत. तेव्हा 'ही कुणाची सून असेल' हा हिशेब मांडू नका. मांडायला सुरुवात झालीच का? त्या खांबाजवळ?

ऐका. कृष्णाकाठी एक गाव. तिथं इंदुमतीकाकू – महिला भजनी मंडळाच्या प्रमुख. मुलानं दसऱ्याला नवा लॅपटॉप आणला. काकूंना भजनं लिहायला आणि सून केतकीला कामाला, दोघींत एक. काकूंनी तो पाटावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं, आपट्याचं पान ठेवलं आणि बटण दाबलं.

झालं! यंत्र विचारायला लागलं. हे करू का? ते करू का? प्रत्येक प्रश्नाखाली एक 'हो' आणि एक 'नाही'.

केतकी म्हणाली, "आई, वाचून दाबा हं."

"अगं, दसऱ्याच्या दिवशी नव्या वस्तूला 'नाही' म्हणायचं? तोंडातून अशुभ कशाला काढायचं?"

आणि होमात आहुती टाकावी तसे काकूंनी 'हो' टाकले – हो, हो, हो! त्यातच एक प्रश्न होता: पडद्यावर जे दिसेल त्याचं दर काही सेकंदांनी चित्र काढून ठेवू का? म्हणजे पुढे शोधायला सोपं जाईल. हो!

हसताय? तुमच्यापैकी किती जणांनी वाचून 'हो' दाबलंय? हात वर करा. एकच हात दिसतोय – तोही तबलजींचा, आणि ते घाम पुसताहेत.

आता केतकीचं ऐका. तिची दोन बाळं पोटातच गेली होती. मागच्या खेपेला दुसऱ्याच महिन्यात बातमी आळीभर झाली. मग बाळ गेलं, आणि तीच आळी दारात – "असं कसं झालं गं?" विचारणारी एकदाच विचारते, मंडळी. उत्तर देणारीला चाळीस वेळा द्यावं लागतं! माझी लेक अजून पाळण्यात असते. ती शिंकली तरी मी दचकते. त्या पोरीचा जीव किती मुठीत असेल!

म्हणून या खेपेला तिनं ठरवलं, तीन महिने पुरे होईपर्यंत ओठ शिवायचे. नवऱ्याला ठाऊक, माहेरी आईला ठाऊक. सासूलासुद्धा नाही. दुपारी लॅपटॉपवरून आईला लिहायची, उत्तर वाचायची आणि सगळं पुसून टाकायची. पाटी पुसली की अक्षर गेलं, असं तिला वाटायचं. पण पाटीचं चित्र आधीच निघालेलं होतं!

दत्तजयंती जवळ आली. दुपारी चारला दत्ताच्या देवळात मंडळाची सभा. पदं मोठ्या अक्षरांत दिसावीत म्हणून लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलेला, उजेड समोरच्या भिंतीवर. काकूंना नारळांची यादी सापडेना – कोण किती आणणार त्याची. पुढच्या रांगेत नलूमावशी. गावातली बातमी घडण्याआधी हिच्याकडे पोचते, अशी ख्याती. ती म्हणाली, "इंदू, त्या शोधायच्या चौकटीत लिही की. आमची नात तसंच करते."

काकूंनी लिहिलं, 'नारळ'.

आणि भिंतीवर हातभर अक्षरं उमटली – "आई, दत्ताला नारळ बोललेय. नववा आठवडा आहे. इथे आईंना अजून सांगितलं नाही. या वेळी राहू दे फक्त."

काकूंनी वाचलं. पहिल्या रांगेनं वाचलं. नलूमावशीनं चष्मा लावून वाचलं!

बंद कुठून करायचं? सापडेना. काकू उठल्या आणि उजेडाच्या वाटेत उभ्या राहिल्या. भिंतीवरची अक्षरं त्यांच्या इरकली लुगड्यावर उतरली. मग त्यांनी आरतीचं तबक उचललं आणि भिंगासमोर उभं धरलं. भिंत कोरी!

नलूमावशीनं तोंड उघडलं, "इंदू, म्हणजे तुझ्या केतकीला..."

"नलू," काकू म्हणाल्या, "मागं दत्त उभा आहे. त्यानंही वाचलं. तीन मुखं आहेत त्याला, पण एकानंही ब्र काढला नाही. तुला एकच आहे."

काय बोलली मंडळी ती माउली!

काकू घरी गेल्या त्या थेट सुनेपुढे. "केतकी, मी नारळ शोधत होते. तुझं वाचलं गेलं. माझ्याबरोबर पाच-सहा जणींनीही."

केतकी पांढरी पडली. मग म्हणाली, "मी पुसलं होतं, आई."

"तू पुसलंस गं. दसऱ्याला 'हो' मी म्हटलं होतं."

केतकीनं दुसरी खुर्ची ओढली. "बसा. आता दोघी मिळून 'नाही' म्हणू."

सेटिंग उघडलं. चित्रं काढणं बंद. जुनी सगळी चित्रं पुसली. दोघींची खाती वेगळी, पासवर्ड वेगळे. केतकी म्हणाली, "माझा लिहून ठेवू का तुमच्याकडे?"

"नको बाई. मी विसरत नाही, हीच माझी खोड आहे."

पण पाच-सहा जणींच्या डोक्यात जे चित्र निघालं होतं, ते कोणत्या सेटिंगमध्ये पुसायचं?

केतकी रोज जीव मुठीत धरून बाजारात जायची. कुणाची नजर पोटाकडे जाते का, बघायची. कुणाचीच जाईना! नलूमावशी समोरून आली की म्हणायची, "थंडी पडली नाही यंदा?" आणि पुढे जायची. जन्मात कधी हवापाण्यावर न बोललेली बाई – महिनाभर हवापाणीच बोलली!

संक्रांत आली. तीन महिने पुरे झाले. केतकी तिळगूळ घेऊन पहिल्यांदा नलूमावशीच्याच दारात गेली. "मावशी, एक सांगायचंय."

मावशीनं सगळं ऐकून घेतलं, पदरानं डोळे टिपले. "अगं, काय सांगतेस? मला तर काहीच कल्पना नव्हती."

मंडळी, खोटं बोलली ती! पण त्या खोट्याला दत्तानंही हात जोडले असतील.

आता तुमच्याकडे वळते. घरी जा, यंत्र उघडा, कुठे 'हो' दाबून बसलात ते बघा. समजत नसेल तर ज्याला समजतं त्याला शेजारी बसवा. शुभ दिवशीसुद्धा 'नाही' म्हणता येतं. आणि मग स्वतःचे डोळे तपासा. समोरच्या गॅलरीत कुणाचं काय वाळतंय, कुणाची लेक माहेरी किती दिवस राहिली – दर काही सेकंदांनी चित्र! तिथलं बटण कोण बंद करणार?

पुढे काय झालं, बाळ कसं आहे, असं विचारताय ना? डोळ्यांत दिसतंय तुमच्या. माझा चेहरा बघा, हसतेय ना? तेवढ्यावर भागवा. परवानगी इथपर्यंतचीच आहे.

उचला टाळ. म्हणा –

सर्व पाहे, परि न सांगे ।
त्याच्या पायी मन रंगे ॥